अव्वा बोटीवर दिवसाउजेडी जेवल्या

क्रूझवर जायचं खूळ माझ्या डोक्यातून निघालं असं आमच्या सगळ्या गल्लीला वाटतं. खरं म्हणजे ते अव्वांच्या गुडघ्यांतून निघालं. अव्वा म्हणजे माझ्या सासूबाई. सगळा जन्म जयसिंगपुरात गेला, आता काही वर्षं आमच्याकडे कोल्हापुरात असतात. डोंगरावरच्या तीर्थांना डॉक्टरांनी बंदी घातली तेव्हापासून त्या जरा खट्टू होत्या. एका लग्नात कुणीतरी त्यांना मोबाइलवर बोटीचा व्हिडिओ दाखवला. घरी आल्यावर पायातल्या चपला काढायच्या आधी त्यांनी जाहीर केलं, "वैशाली, त्या बोटीत चालाय लागत न्हाय म्हणं. आपण बसून ऱ्हायाचं, गाव आपणहून येतंय. मी जातो."

कोल्हापुरात बायकासुद्धा "मी जातो, मी येतो"च म्हणतात, तेव्हा बाहेरच्या वाचकांनी दचकू नये. दचकायचंच असेल तर माझ्या नवऱ्याच्या नावाला दचका. त्याचं नाव शीतल. आम्हा जैनांत हे नाव तीर्थंकरांवरून पुरुषांना सर्रास ठेवतात, पण बुकिंगवाल्या मुलाला ते कुठून माहीत असणार! आमच्या केबिनच्या कागदावर शेवटपर्यंत तीन बायका होत्या. शीतलचं कागल एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे आणि जगातल्या कुठल्याही खर्चाचं तो यंत्रांत भाषांतर करतो. तिघांचं भाडं ऐकून म्हणाला, "एवढ्यात एक बरी सेकंडहँड लेथ येईल." मी म्हटलं, अहो, लेथवर आईला बसवून फिरवणार का? त्याच संध्याकाळी पैसे भरले गेले. लिहिताना शीतल, बोलताना अहो, अशी आमच्या घरातली तडजोड आहे.

अव्वांची एकच अट होती. त्या सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, पाणीही घेत नाहीत. लग्न होऊन आल्यापासूनचा हा नियम आहे. "तेवढा पाळता आला तर हाय. न्हायतर मधल्या गावाला उतरवा अन् रेल्वेत बसवा," त्यांनी बजावलं. आणि आम्हाला डॉक्टरांनी बजावलं होतं की, यांची शुगरची संध्याकाळची गोळी जेवणाशिवाय द्यायची नाही आणि चुकवायचीही नाही. म्हणजे सगळी सहल त्या एका जेवणावर टांगलेली. मी बुकिंगवाल्याला तीनदा विचारलं. "जैन फूड आहे ना?" तो तीनदा "हो मॅडम, स्पेशल काउंटर आहे" म्हणाला. तो खरंच बोलत होता, हे आधीच सांगून ठेवते.

कोल्हापूर ते मुंबई

महामार्गाचं रुंदीकरण चालू आहे तोवर गाडी काढू नका, रेल्वेनं जा. धूळ खाऊन बोटीवर चढलात तर पहिला दिवस आंघोळीतच जातो. आम्ही रेल्वेनं गेलो. अव्वांनी सोबत एक पिशवी घेतली होती. कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चकल्या, लाडू, शिवाय "कुणी पावणं आलं तर" म्हणून जास्तीचे लाडू. समुद्रात कोण पाहुणे येणार, असं विचारायची आमच्या घरात सोय नाही.

ती पिशवी मुंबईच्या बंदरावर तपासणीत अडकली. घरचं खाणं बोटीवर चालत नाही. हे कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं आणि आपण ते वाचत नाही, तेव्हा तुम्ही वाचा. तिथला माणूस बिचारा सौम्यपणे सांगत होता, अव्वा त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. मला वाटलं आता भांडण होणार. त्यांनी पिशवी त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "टाकू नगं. पोरांस्नी वाट. लाडू आधी खावा, चटणी टिकतीया." आत गेल्यावर मागे वळून बघितलं, तर तो माणूस पिशवीत डोकावत होता.

बोट म्हणजे काय, पाण्यावर ठेवलेली एक मोठी हॉटेलवाली इमारत. लिफ्ट, गालिचे, झुंबरं. अव्वा लिफ्टमध्ये कोपरा धरून उभ्या. "हलत न्हाय की गं," त्या जरा निराश होऊन म्हणाल्या.

आता खाण्याची माहिती, कारण निम्मे वाचक तिच्यासाठीच आलेत. भाड्यात दोन ठिकाणी जेवण येतं. वरच्या डेकवर बुफे, आणि खाली पांढऱ्या टेबलक्लॉथची मोठी डायनिंग रूम. शिवाय चायनीज आणि कसलंसं ग्रिल अशी पैसे घेणारी हॉटेलं आहेत. तिथं जायची काही गरज नाही. आम्ही एका रात्री चायनीजला गेलो आणि शीतलनं कांदा घातलेले नूडल्स मागवले. तो घरात जैन असतो, बाहेर शाकाहारी. बुफेत दक्षिणेकडचं, पंजाबी, गुजराती, सगळं असतं. इडली उत्तम. रस्सा म्हणून जे काही होतं त्याबद्दल मी कोल्हापूरकर म्हणून गप्प बसते. पेयं, वायफाय आणि टिप यांचे पैसे वेगळे, ते आधीच धरून चाला.

आणि हो, जैन काउंटर होता. चकचकीत, फुलं ठेवलेला, वर सोनेरी पाटी. फक्त तो रात्रीच्या जेवणाबरोबर उघडत होता, म्हणजे सूर्य बुडून काळोख पडल्यावर.

मी ती वेळ दोनदा वाचली. दुपारच्या जेवणातलं काही बांधून घ्यायची परवानगी नव्हती. चहाच्या टेबलावर सामोसे, वडे आणि केक, म्हणजे बटाटा, बटाटा आणि अंडं. शीतल रिसेप्शनला गेला, त्यांनी रेस्टॉरंटकडे पाठवलं. रेस्टॉरंटनं रिसेप्शनकडे पाठवलं. दोन्हीकडे सगळे इतकं गोड हसत होते की, त्याला चिडायलाही जागा मिळेना. केबिनमध्ये मागवलेलं सँडविच आलं, त्यात बटाटा होता. शेवटी अव्वांनी दोन केळी खाल्ली, त्यांवरच गोळी घेतली आणि त्या भांडंभर पाणी प्यायल्या. खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "झालं माझं. तुम्ही जावा, जेवा."

"अव्वा, पुरलं का?"

"भूक न्हाय."

समुद्रातला दिवस

सकाळी उठताना अव्वांना घेरी आली. पलंगाच्या कडेला हात टेकून बसल्या, थोड्या वेळानं सावरल्या, नाश्त्याला चांगल्या तीन इडल्या खाल्ल्या. पण शीतलचा चेहरा उतरला तो उतरलाच. दिवसभर पाणीच पाणी, कुठं उतरायची सोय नाही. "उद्या कोचीला बॅगा घेऊन उतरायचं," तो मला बाजूला घेऊन म्हणाला. "तिथनं रेल्वे. आईला उपाशी मारायला आणलीय का मी?" ज्यानं लेथ सोडून बोट घेतली त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्याची दया आली आणि थोडा रागही आला, कारण कोची ते कोल्हापूर रेल्वेत अव्वांना कोण सांभाळणार हे त्यानं माझ्याकडे बघत ठरवलेलं दिसत होतं.

अव्वांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं."

अव्वांचं "बरं" आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. साडीचा रंग आवडला नाही तरी बरं, पंखा बंद पडला तरी बरं. ही बोट सोडली तर स्वतःसाठी त्यांनी तोंड उघडून काही मागितलेलं मी माझ्या लग्नापासून पाहिलेलं नाही.

मग त्यांनी विचारलं, "ते दुपारचं प्रवचन काय हाय म्हणं थेटरात? तेवढं तरी ऐकू."

ते प्रवचन नव्हतं, पोर्ट टॉक होतं. बोट पुढच्या बंदराला लागायच्या आधी कंपनीचा माणूस थिएटरात येऊन त्या गावाची माहिती सांगतो. काय बघायचं, काय घालायचं, परत कधी यायचं. मी हे समजावायचा प्रयत्न केला. पण आम्ही थिएटरात शिरलो तर समोर उंच मंच, मंचावर माइक, आणि माइकमागे पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला माणूस. मी समजावणं सोडून दिलं.

अव्वांनी पदर डोक्यावरून घेतला, चपला काढून खुर्चीखाली सरकवल्या आणि पहिल्या रांगेत डाव्या हाताला बसल्या. मी शेजारी बसले. शीतल माझ्या पलीकडे टेकणार तोच त्या कुजबुजल्या, "गडीमाणसं तिकडं." तो निमूटपणे उजव्या बाजूच्या रिकाम्या रांगेत एकटा जाऊन बसला. मागून दोन गुजराती बायका आल्या, त्यांनी हे बघितलं आणि आपल्या नवऱ्यांना उजवीकडे पाठवून आमच्या मागे बसल्या. कार्यक्रम सुरू होईपर्यंत अर्धं थिएटर नीट वाटलं गेलं होतं. मंचावरचा मुलगा एकदा डावीकडे बघत होता, एकदा उजवीकडे.

त्याचं नाव रोहन. बोलायला गोड आणि माहिती चोख. मासे धरायची ती मोठी चिनी जाळी, मसाल्यांचा बाजार, जुन्या वखारी, मट्टनचेरीतलं जैन मंदिर. मंदिराचं नाव निघताच अव्वांनी हात जोडले. प्रत्येक ठिकाणामागून तो तिथं नेणाऱ्या बसचं तिकीट किती ते सांगत होता. सावध राहा, पोर्ट टॉकमधलं अर्धं बोलणं हे असतं. बंदराच्या फाटकाबाहेर टॅक्सी मिळते आणि स्वस्त पडते. अव्वा माझ्या कानाशी म्हणाल्या, "पोरगं हुशार हाय. मोक्षाचा मार्ग बी सांगतंय अन् तिकीट बी."

शेवटी रोहन म्हणाला, "एनी क्वेश्चन्स? किसी का कोई सवाल?"

लोक उठायला लागले होते, चहाची वेळ झाली होती. आणि आमच्या अव्वा उभ्या राहिल्या. मला आधी कळेना, मग लक्षात आलं. प्रवचन संपलं की शंका-समाधान. मनात शंका ठेवून उठायचं नाही, हे त्यांना लहानपणापासून शिकवलेलं. घरात न मागणं हा जसा त्यांचा धर्म, तसा इथं विचारणं हाही धर्मच.

त्यांनी हात जोडले. "पावणं, एक शंका हाय."

"बोला आजी," रोहन चटकन मराठीत म्हणाला. तो निघाला वेंगुर्ल्याचा.

"तुमचं जैन जेवाण लई चांगलं हाय म्हणत्यात. कांदा न्हाय, लसूण न्हाय, बटाटा न्हाय. पर सूर्य बी न्हाय की! मी दिवस बुडल्यावर खात न्हाय. माझा ल्योक उद्या मला उतरवायला निघालाय. तर ते जेवाण दिवसा मिळंल का, एवढीच शंका."

आधी हशा पिकला. मराठी कळणारे हसले, त्यांचं बघून न कळणारेही हसले. उजव्या बाजूला शीतलनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात मागच्या गुजराती बाईंनी शेजारणीकडून अर्थ समजून घेतला आणि त्या उभ्या राहिल्या. "भाई, हमारा भी यही प्रॉब्लेम है. कल से खाखरे पे चल रहा है." खाखरे त्यांनी आत कसे आणले हे मी नंतर विचारलं, त्या नुसत्या हसल्या. मग त्यांच्यामागे एक मारवाडी आजोबा उठले. मग एक सुरतचं कुटुंब. पाच-सहा घरं निघाली, सगळी कालपासून आपापल्या केबिनमध्ये गुपचूप केळी सोलत बसलेली. कुणी कुणाला बोललं नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच.

रोहननं माइक खाली ठेवला. "आजी, ह्यो प्रश्न माझ्या खात्यातलो नाय," तो म्हणाला. "पण बसा जरा. मी इचारून येतंय."

अव्वा बसल्या. उजवीकडचे नवरेही बसून राहिले. कितीतरी वेळानं तो एका उंच टोपीवाल्या शेफला घेऊनच परत आला. शेफनं मोडक्या हिंदीत एकच विचारलं, "सूरज से कितना पहले?"

यावर डाव्या बाजूच्या सगळ्या बायका एकदम बोलल्या.

त्याच दिवशीची संध्याकाळ

ऊन चांगलं असतानाच काउंटर उघडला. गरम फुलके, तुरीची डाळ, दुधीची भाजी, भात. अव्वांनी ताट भरून घेतलं आणि आमच्या टेबलापर्यंत येऊन ते शीतलपुढे ठेवलं. दुसरं भरून आणलं, ते माझ्यापुढे ठेवलं. तिसरं भरायला निघाल्या तेव्हा रोहननं त्यांना वाटेत अडवलं. तो बघायलाच आला होता. "आजी, हयसर कोण वाढणा नाय, सगळे आपला आपण घेतंत. तुम्ही बसा." शीतलनं आपलं ताट उचललं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. "आई, तू जेव. आम्ही रात्री जेवणार आहे."

आधी बसायचं म्हणजे काय, हे त्यांना उमजत नव्हतं. घास घ्यायच्या, आमच्याकडे बघायच्या. मग भूक जिंकली. चार फुलके खाल्ले, भात खाल्ला, गोळी घेतली, चूळ भरली. आणि वर बघतात तो सूर्य अजून होताच, हातभर वर.

"आता?" त्यांनी मला विचारलं. खरंच विचारलं. आता काय करू, असं.

मी त्यांना उजव्या बाजूच्या डेकवर नेलं. (केबिन घेताना लक्षात ठेवा, दक्षिणेकडे जाताना मावळती उजव्या हाताला असते, परत येताना डाव्या.) कठड्याला धरून उभ्या राहिल्या. सूर्य हळूहळू खाली आला, लाल झाला, पाण्याला टेकला. अगदी शेवटची कड उरली तेव्हा अव्वा म्हणाल्या, "असा जातोय व्हय त्यो."

"अव्वा, कधी बघितला नव्हता?"

"बघितलाय की. रोज बघितलाय. सैपाकघराच्या खिडकीतनं." आणि मग हसत हसत सांगितलं. जयसिंगपूरच्या घरी सासू-सासरे, दोन दीर, शेतावरची माणसं. सगळ्यांची पानं दिवसाउजेडी व्हायला हवीत. कट्ट्यावरचं ऊन चुलीपासून मोरीपर्यंत सरकलं की घाई, मोरीच्या पुढं गेलं की संपलं. "माझी भाकरी तव्यावर असायची अन् त्यो गेलेला असायचा. मग काय, झाकून ठेवायची. सकाळी म्हशीला."

"मग तुम्ही काय सांगायचा सगळ्यांना?"

"भूक न्हाय."

मला रडू आलं, सरळ सांगते. शीतल मागे उभा होता, त्यानं ऐकलं होतं. हेच दोन शब्द तो लहानपणापासून ऐकत आला होता. तो आईच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्या मात्र मजेत होत्या. "रडायला काय झालं गं? आज जेवलो की मी. पोट भरलंय अन् त्यो अजून होता!"

कोची आणि परत

कोचीला आम्ही उतरलो, पण बॅगा केबिनमध्येच ठेवून. टॅक्सी केली, जाळी बघितली, मंदिरात अव्वांना तासभर सोडलं. दुपारची बससहल काळोखात परत येते म्हणून सकाळीच फिरलो, तुम्हीही तसंच करा. मसाले बाजारात भाव करायचा असतो, पण अव्वांसारखा नाही. तो दुकानदार शेवटी वेलदोडे तसेच द्यायला निघाला होता.

परतीच्या दिवशी मुंबईबद्दल पोर्ट टॉक होतं. मुंबईकरांना मुंबईची माहिती ऐकायला कोण जाणार! तरी पहिल्या दोन रांगा भरल्या होत्या, डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. रोहननं सुरुवातच "आजी, आधी शंका सांगा" अशी केली. अव्वांना शंका नव्हती. त्यांनी त्याला कोल्हापूरला जेवायला बोलावलं, आणि येणारच नसशील तर निदान लग्न कर, असं सांगितलं.

घरी येऊन आता महिना होत आला. काय उरलं म्हणाल, तर वेलदोडे संपत आलेत, फोटो शीतलच्या फोनमध्ये आहेत आणि संध्याकाळचा स्वयंपाक शीतल आणि मी करतो. त्याचे फुलके लेथवर काढल्यासारखे गोल होतात, हे मला नव्यानं कळलं. अव्वा सगळ्यांच्या आधी जेवतात. मग खुर्ची घेऊन गच्चीवर जातात. तिथं समुद्र नाही, समोर पाण्याच्या टाक्या आणि पलीकडे उसाच्या शेतांची एक पट्टी आहे, सूर्य तिच्यात बुडतो.

आणि हो, गच्चीवर पोर्ट टॉक सुरू झालंय. गल्लीतल्या बायका येतात. अव्वा जाळी सांगतात, मसाले सांगतात, लिफ्ट सांगतात, बोट हलत नाही ही तक्रार सांगतात. शेवटी विचारतात, "कुणाची काय शंका?"

परवा खालच्या मजल्यावरच्या कमलाक्कांनी विचारलं. त्याही जैन, घरात सहा माणसं. "अन् जेवायचं काय हो? बोटीत दिवसाउजेडी मिळतंय का आपल्याला?"

"मिळतंय की," अव्वा म्हणाल्या. "पर उठून मागाय लागतंय."

ऊन टाकीवरून खाली उतरत होतं, आणि कमलाक्का रोजच्यासारख्या घरी जायला अर्ध्या उठल्याही होत्या. मग त्यांनी फोन काढला, मुलाला लावला आणि म्हणाल्या, "मी वर हाय. आज पानं तुम्ही घ्या. अन् माझं ताट आधी वर पाठीव, दिवस हाय तवर."